मॅमथ केव्ह: छताखालची गुहा आणि छतावरची माणसे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नॅशव्हिलला मुलीकडे मुक्कामास असताना आपण केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह पाहून आलात. जगातील सर्वांत लांब गुहा म्हणून अपेक्षा मोठी होती, पण दोन तास चालूनही लवणस्तंभांचे एक झुंबर दृष्टीस पडले नाही. दिसले ते आगगाडीच्या बोगद्यासारखे कोरडे, धुळकट मार्ग. उलट हमरस्त्यावर मात्र जागोजागी दुसऱ्याच खासगी गुहांच्या भडक पाट्या होत्या. हे असे का, आणि या गुहेचा व भोवतालच्या मुलखाचा इतिहास काय, असे आपण विचारले आहे. चुनखडकातील भूजल हा माझा व्यवसाय आहे आणि या परिसरात मी अनेक वर्षे क्षेत्रकाम केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

कोरडेपणाचे आणि पाट्यांचे कारण, दोन्हींसाठी गुहेच्या आत न पाहता तिच्या डोक्यावर पाहावे लागते. छत कोणत्या दगडाचे होते यावरून ती गुहा कशी झाली हे ठरले, आणि छतावरची जमीन कोणाच्या नावावर होती यावरून तिचे पुढे काय झाले हे ठरले.

आधी दगडाविषयी. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाच्या मनात गुहा म्हटले की लेणी येतात. वेरूळ, अजिंठा, कार्ले येथे माणसाने छिन्नी-हातोड्याने काळा कातळ कोरला; तो बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून महाराष्ट्रात मैलोन्‌मैल पसरलेल्या नैसर्गिक गुहा नाहीत. चुनखडकाचे तसे नाही. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांमधून जाताना चुनखडक विरघळवत राहते. हेच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत थेंबाथेंबाने टपकले, की त्यातील वायू निघून जातो, चुना मागे राहतो आणि त्याचे लवणस्तंभ बनतात. आंध्र प्रदेशातील बोरा गुहांमध्ये आपण ते पाहिले असतील. मॅमथमध्येही तेच पाहायला मिळेल, ही आपली अपेक्षा चुकीची नव्हती.

परंतु मॅमथचा चुनखडक, जो ३० कोटी वर्षांहूनही आधी उथळ समुद्रात साचला, त्याच्यावर वालुकाश्माचा एक जाड थर आहे. हा वालुकाश्म पाण्याला दाद देत नाही. घरावर पत्रे घालावेत तसा तो टेकड्यांच्या माथ्यावर बसला आहे. त्यामुळे पाणी वरून थेट गुहेत न टपकता दक्षिणेकडच्या उघड्या चुनखडकाच्या मैदानात, तिथल्या बशीसारख्या हजारो खळग्यांतून जमिनीत शिरले आणि टेकड्यांखालून आडवे वाहत उत्तरेच्या ग्रीन नदीला मिळाले. नदीने आपले पात्र जसजसे खोल कापले, तसतसे भूमिगत प्रवाहही खालच्या पातळीवर उतरत गेले आणि वरचे मार्ग मजल्यामागून मजला कोरडे पडले. आपण ज्या रुंद मार्गातून चाललात ते अशा सोडून दिलेल्या नदीचे रिकामे पात्र होय. वरच्या मजल्यांतील गाळात सापडलेल्या गारगोटीच्या खड्यांचे कालमापन झाले आहे. त्यानुसार काही मार्ग ३० लाख वर्षांहून जुने ठरतात. उघड्या चुनखडकातील इतक्या जुन्या गुहा एव्हाना कोसळून गेल्या असत्या. या टिकल्या त्या छतामुळे, आणि लवणस्तंभांवाचून राहिल्या त्याही छतामुळेच. आजपर्यंत या गुहेची मोजलेली लांबी सुमारे ६८५ किलोमीटर आहे आणि मोजणी अजून चालूच आहे. (नावाचा संबंध लोकरी हत्तीशी नाही, ‘मॅमथ’ येथे केवळ ‘प्रचंड’ या अर्थाने आहे. तेथे हत्तीचे हाड सापडले का, असे मला दर वर्षी कोणीतरी विचारतेच.)

हा कोरडेपणा ज्याला रुक्ष वाटतो त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या गुहेत जे काही पडले ते सडले नाही. सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी या भागातील आदिवासी लोक बोरूसारख्या पोकळ काड्यांच्या चुडी पेटवून कित्येक किलोमीटर आत जात आणि भिंतींवरचे जिप्सम व इतर क्षार खरवडून नेत. त्यांच्या विझलेल्या चुडींची टोके, झाडाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेल्या त्यांच्या चपला, इतकेच नव्हे तर त्यांची वाळलेली विष्ठासुद्धा जागच्या जागी राहिली. विष्ठेचे नाव काढताच गटातील मुले हसतात, परंतु पुरातत्त्वाच्या दृष्टीने सोन्याहून मोलाची वस्तू तीच ठरली. तिच्यातील बियांवरून असे दिसले, की हे लोक सूर्यफूल आणि चाकवताच्या कुळातील एक वनस्पती यांची लागवड करीत होते. मक्याचे पीक त्या प्रदेशात रुजण्याच्या कितीतरी आधी पूर्व अमेरिकेत स्वतंत्रपणे शेती सुरू झाली होती, या निष्कर्षाला मॅमथच्या धुळीने मोठा आधार दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही माणसे गुहेत जायची थांबली. १९३५ मध्ये एका प्रचंड शिळेखाली त्यांच्यापैकी एकाचा देह सापडला. क्षार खणताना शिळा अंगावर येऊन तो तेथेच दबला होता.

गोऱ्या वसाहतकारांच्या कागदपत्रांत गुहेची नोंद प्रथम १७९८ मध्ये येते, आणि तीसुद्धा जमिनीच्या मोजणीच्या निमित्ताने: २०० एकर जमीन, तिच्यात सोऱ्याच्या दोन गुहा. अस्वलाचा पाठलाग करताना शिकाऱ्याला गुहा सापडल्याची जी कथा वाटाडे सांगतात ती ऐकायला चांगली आहे. माझ्या मते मात्र ‘सोरा’ हा शब्दच खरा प्रारंभ आहे. १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांनी समुद्रमार्ग अडवल्यावर अमेरिकेला बंदुकीच्या दारूसाठी परदेशी सोरा मिळेनासा झाला, आणि सुमारे ७० गुलाम मजुरांना या गुहेत सोरा काढण्याच्या कामाला लावण्यात आले. गुहेतील कोरड्या मातीत नायट्रेट असते. ती माती बैलगाडीने आणून लाकडी फळ्यांच्या हौदांत भरत, तिच्यातून पाणी झिरपवत, आणि ते खारट पाणी पंपाने बाहेर नेऊन लाकडाच्या राखेच्या खारातून गाळून उकळत. मग सोऱ्याचे स्फटिक हाती येत. आपण प्रवेशद्वारापासून थोडे आत, रोटंडा नावाच्या विशाल दालनात, जे जुने हौद पाहिलेत ते हेच. त्यांच्याजवळ पडलेले लाकडी नळ कदाचित आपल्या नजरेतून सुटले असतील: ट्यूलिप पॉप्लरचे सरळसोट ओंडके आरपार पोखरून, एकाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या भोकात ठोकून ही नळवाहिनी केलेली होती. दोनशे वर्षांनंतरही त्या लाकडावर हत्याराच्या खुणा ताज्या वाटतात. मातीत बैलांच्या खुरांचे ठसेही आहेत. गुहा कोणाच्या मालकीची होती हे कागदावर सापडते. हौद भरणाऱ्या बहुतेक माणसांची नावे मात्र सापडत नाहीत.

युद्ध संपले, सोऱ्याचा भाव कोसळला, आणि १८१६ च्या सुमारास मालकांनी गुहा दाखवून पैसे घेण्यास सुरुवात केली. पाहुण्यांची ही रहदारी आजतागायत चालू आहे.

तिला खरे वळण १८३८ मध्ये मिळाले. फ्रँकलिन गोरिन या वकिलाने ५,००० डॉलरला गुहा विकत घेतली आणि आपल्या मालकीचा एक सतरा-अठरा वर्षांचा गुलाम मुलगा, स्टीव्हन बिशप, तेथे वाटाड्या म्हणून आणला. मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड हे दोघे दुसऱ्या मालकाकडून भाड्याने घेतले. तोवर ‘बॉटमलेस पिट’ या खोल खड्ड्यापाशी वाट संपत असे. त्याच वर्षी बिशपने एका पाहुण्यासह खड्ड्यावर आडवे लाकूड टाकले आणि तो पलीकडे गेला. पलीकडे त्याला मैलोन्‌मैल नवे मार्ग, भूमिगत नदी आणि त्या नदीतील डोळे नसलेले पांढुरके मासे सापडले. दुसऱ्याच वर्षी लुइव्हिलचे डॉक्टर जॉन क्रोगन यांनी गुहा १०,००० डॉलरला घेतली. त्या व्यवहारात बिशपही त्यांच्याकडे गेला. १८४२ मध्ये त्याने स्मरणावरून गुहेचा नकाशा काढला, आणि तो पुढे छापला गेला तेव्हा त्यावर त्याचे नाव होते. गुलामाचे नाव कर्ता म्हणून छापले जाण्याची उदाहरणे त्या काळात फारच थोडी आहेत. गुहेविषयी तो देशातील सर्वाधिक जाणकार मनुष्य होता आणि दूरवरून आलेले विद्वान त्याच्या कंदिलामागून चालत. पण तो स्वतः मालमत्तेच्या यादीतील एक नोंद होता. गोथिक ॲव्हेन्यू या मार्गातील छत मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेल्या नावांनी भरलेले आहे. पाहुणे वाटाड्याला बक्षिशी देऊन आपले नाव उमटवीत. त्या गर्दीत या वाटाड्यांचीही नावे वाचता येतात.

क्रोगन यांची आणखी एक कल्पना सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. गुहेतील हवा वर्षभर साधारण १२-१३ अंशांवर स्थिर असते आणि सोऱ्याच्या मजुरांची प्रकृती चांगली राहिली असा समज होता, त्यावरून त्यांनी १८४२-४३ च्या हिवाळ्यात क्षयरोग्यांसाठी गुहेच्या आत लाकडी व दगडी खोल्या बांधल्या. पंधराएक रोगी आत राहिले. ऊन नाही, वर चुलींचा आणि दिव्यांचा धूर. काही महिन्यांत रोग्यांची प्रकृती खालावली, काही दगावले आणि प्रयोग बंद पडला. दोन दगडी खोल्या अजून उभ्या आहेत. खुद्द क्रोगन १८४९ मध्ये क्षयानेच वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार गुलामांना सात वर्षांनी मुक्ती मिळायची होती. १८५६ मध्ये बिशप मुक्त झाला आणि १८५७ मध्ये मरण पावला.

आता पाट्यांविषयी. क्रोगन यांच्या वारसांकडे मॅमथ राहिली, पण तिच्या भोवतीच्या टेकड्यांवर लहान शेतकरी होते. जमीन हलकी, मका आणि तंबाखू यांवर कसेबसे पोट भरणारी. १८८६ मध्ये मुख्य लोहमार्गापासून गुहेपर्यंत फाटा आला, पाहुणे वाढले, पुढे मोटारी आल्या, आणि आपल्या शेताखालीही एखादे भोक निघाले तर दैन्य फिटेल हे प्रत्येकाच्या ध्यानात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील या चढाओढीला तिकडे ‘गुहायुद्धे’ म्हणतात. एकमेकांच्या पाट्या उखडणे, मॅमथ बंद आहे असे पाहुण्यांना खोटेच सांगणे, चालत्या मोटारीच्या पायरीवर उडी मारून पाहुण्यांना आपल्या गुहेकडे वळवणे, असे सर्व प्रकार झाले. तीर्थक्षेत्री एसटीतून उतरताच भोवती पडणारा गराडा ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक वर्णन नको. जॉर्ज मॉरिसन यांनी तर शेजारच्या जमिनीतून सुरुंग लावून १९२१ मध्ये मॅमथच्याच पोटात स्वतंत्र दार काढले आणि त्याचे नाव ‘न्यू एंट्रन्स’ ठेवले.

कायद्याचा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि मला हा भाग सर्वांत उद्बोधक वाटतो. एल. पी. एडवर्ड्स यांच्या जमिनीत ग्रेट ओनिक्स केव्हचे तोंड होते; त्यांनी हॉटेल बांधले, दिवे लावले, धंदा उभा केला. शेजारच्या ली यांनी दावा लावला की त्या गुहेचा काही भाग माझ्या शेताखाली आहे. ली यांच्याकडे आत उतरण्याचा मार्गच नव्हता. स्वतःच्या मालकीच्या त्या अंधारात ते कधी पाऊल टाकू शकत नव्हते. तरीही न्यायालयाने १९२९ मध्ये गुहेच्या मोजणीस संमती दिली, आणि मोजणीत दाखवण्याच्या मार्गापैकी साधारण एक तृतीयांश भाग ली यांच्या जमिनीखाली निघाल्यावर १९३६ च्या निकालाने निव्वळ नफ्याचा तेवढाच वाटा त्यांच्या पक्षाला देवविला. १९२९ च्या निकालात एका न्यायाधीशांनी असहमती नोंदवली होती: ज्याच्याकडे तोंड आहे आणि ज्याने श्रम घेतले त्याचीच गुहा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असले तरी जमिनीखालच्या खनिजांवर हक्क सरकारचा असतो, त्यामुळे जमिनीबरोबर पाताळही मालकाचे ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते. केंटकीच्या टेकड्यांवर मात्र तिच्यावर संसार चालत होते आणि मोडतही होते.

फ्लॉइड कॉलिन्सचा मृत्यू याच चढाओढीतून झाला. १९१७ मध्ये त्याने आपल्या घरच्या जमिनीवर क्रिस्टल केव्ह शोधली होती. गुहा देखणी होती. पण ती रस्त्याच्या पार टोकाला, आणि पाहुणे तिथवर पोहोचण्याआधीच दुसऱ्यांच्या हाती लागत. म्हणून हमरस्त्याजवळची गुहा शोधण्यासाठी तो एका शेजाऱ्याच्या जमिनीतील सँड केव्हमध्ये शिरला आणि ३० जानेवारी १९२५ रोजी परतताना एका अरुंद सापटीत अडकला. त्याच्या डाव्या पायावर पडलेला दगड जेमतेम १२ किलोचा होता. पण तो पायामागे होता आणि हात तिथवर पोहोचवणे कोणालाच शक्य नव्हते. लुइव्हिलच्या वृत्तपत्राचा स्किट्स मिलर हा चणीने लहान वार्ताहर आत सरपटत जाऊन त्याच्याशी बोलला, त्याला भरवून आला. त्या बातम्यांबद्दल पुढे त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. बाहेर हजारोंची जत्रा भरली, खाद्यपदार्थांचे ठेले लागले. आतली वाट ढासळल्यावर वरून उभी विहीर खणली, पण १६ फेब्रुवारीला लोक पोहोचले तेव्हा तो मेलेला होता. पुढे क्रिस्टल केव्ह विकली गेली, आणि नव्या मालकाने त्याचा देह काचेच्या झाकणाच्या पेटीत घालून त्याच गुहेत पाहुण्यांसाठी मांडला. १९२९ मध्ये तो देह चोरीला गेला आणि परत मिळाला तेव्हा एक पाय नव्हता. दफनभूमीत त्याला जागा मिळाली ती १९८९ मध्ये.

या घटनेने देशाचे लक्ष गुहेकडे वेधले आणि २५ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. उद्यान प्रत्यक्ष स्थापन व्हायला १ जुलै १९४१ उजाडले, कारण मधली पंधरा वर्षे जमीन मिळवण्यात गेली. शेकडो कुटुंबे उठवली गेली; काहींनी राजीखुशीने विकले, अनेकांची जमीन सक्तीने घेतली. धरणग्रस्त हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना उद्यानातील जंगलात लागणारी एकाकी चर्च आणि लहान लहान दफनभूमी पाहून वेगळे सांगावे लागत नाही. मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी जुन्या शेतांवर झाडे लावली, त्यांचेच आजचे ते घनदाट रान. आणखी एक घराणे या वेळी बाहेर पडले. ब्रॅन्सफर्डांच्या पिढ्यान्‌पिढ्या येथे वाटाडे होत्या, पण नव्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय वाटाड्यांना काम मिळाले नाही. त्या घराण्यातील वंशज पुन्हा वाटाड्याच्या गणवेशात गुहेत आला तो २००४ मध्ये.

वरच्या जमिनीवर माणसांनी घातलेल्या हद्दी खाली मुळी नव्हत्याच, हे १९७२ मध्ये सिद्ध झाले. शेजारच्या फ्लिंट रिजखालील गुहा, ज्यांत कॉलिन्सची क्रिस्टल केव्हही येते, एकमेकींना जोडलेल्या आहेत हे संशोधकांनी आधीच दाखवले होते. मधल्या दरीत मात्र वालुकाश्माचे छत झिजून गेल्यामुळे वरचे मार्ग तुटलेले, आणि वाट असलीच तर ती अगदी तळच्या पाण्यातून. त्या उन्हाळ्यात पॅट्रिशिया क्राउदर एका अतिशय अरुंद फटीतून पलीकडे उतरल्या तेव्हा चिखलाच्या भिंतीवर ‘पीट एच’ अशी अक्षरे आणि एक बाण कोरलेला दिसला. मॅमथच्या बाजूने फार पूर्वी येऊन गेलेल्या पीट हॅन्सन या वाटाड्याची ती खूण होती. ९ सप्टेंबरला जॉन विल्कॉक्स यांच्या नेतृत्वाखालील तुकडी पाण्यातून चालत पुढे गेली आणि अंधारात त्यांच्या दिव्याच्या झोतात पाहुण्यांसाठी बसवलेला लोखंडी कठडा चमकला. ते मॅमथमध्ये पोहोचले होते. ज्या गुहांच्या मालकांनी एकमेकांच्या पाट्या उखडल्या, त्यांपैकी कित्येक एकाच गुहेच्या खोल्या निघाल्या.

माझ्या कामाचा संबंध येतो तो येथून पुढे. या मुलखात खळग्यात ओतलेले काहीही गाळले न जाता थेट भूमिगत नदीत जाते. आम्ही खळग्यात हिरवा निरुपद्रवी रंग सोडतो आणि दूरच्या झऱ्यांत कोळशाच्या पुरचुंड्या टांगून ठेवतो; कोणत्या पुरचुंडीने रंग धरला यावरून पाणी कुठून कुठे जाते ते कळते. नकाशावरची टेकडी पाण्याला अडवत नाही, हे पहिल्यांदा पुरचुंडीत पाहिले तेव्हा मीही थक्क झालो होतो. मॅमथजवळच्या हॉर्स केव्ह गावाच्या भर वस्तीत उघडणारी हिडन रिव्हर केव्ह एके काळी गावाला पाणी आणि वीज पुरवीत होती. गावाचे सांडपाणी आणि दूधप्रक्रियेचा मळ खळग्यांतून तिच्यात गेला, दुर्गंधी रस्त्यापर्यंत येऊ लागली आणि १९४३ मध्ये दर्शन बंद करावे लागले. १९८९ मध्ये सांडपाणी शुद्धीकरणाचे नवे केंद्र झाल्यावर पाणी निवळले, आंधळे जीव परतले आणि १९९३ मध्ये गुहा पुन्हा उघडली.

पुन्हा जाणार असाल तर झुंबरांसाठी ‘फ्रोझन नायगारा’चा दौरा घ्यावा, तेथे टेकडीच्या कडेला वालुकाश्म झिजला आहे, पाणी टपकते आणि आपल्या मनातली गुहा दिसते. परतताना हॉर्स केव्हला तासभर द्यावा. मॅमथमधून बाहेर पडताना ओल्या सतरंजीवरून चालायला सांगतील. वटवाघळांना मारणारा बुरशीचा रोग बुटांच्या तळव्यांवरून पसरू नये म्हणून ती असते, तेव्हा घाईने ओलांडू नये. आणि मॅमथच्या अभ्यागत केंद्रामागच्या पायवाटेवर वाटाड्यांची जुनी दफनभूमी आहे, तिथे स्टीव्हन बिशपचा दगड शोधावा. एका सैनिकासाठी घडवलेला, न नेलेला दगड मूळ नाव घासून मृत्यूनंतर वीसएक वर्षांनी एका पाहुण्याने त्याच्यासाठी पाठवला. त्यावर मृत्यूचे वर्ष १८५९ कोरले आहे; ते दोन वर्षांनी चुकलेले आहे.